जुन्या एंजिनाचा नवा दट्ट्या

मोटारीच्या एंजिनांतील सर्व भागांत दट्ट्याइतकें कष्टाचें जिणें दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आलेलें नाहीं. एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक दट्ट्या त्या मिनिटांत ६००० वेळां थांबतो आणि ६००० वेळां पुन्हां धांव घेतो. म्हणजे सेकंदास १०० वेळां. त्याच्या माथ्यावर जळता वायु असतो, आणि त्याच्या अंगापासून केंसाच्या जाडीइतक्या अंतरावर ओतीव लोखंडाची भिंत असते. तें अंतर फार वाढलें तर एंजिनाचा दम जातो. तें नाहींसें झालें तर दट्ट्या भिंतीस चिकटून बसतो. कारागीर या दट्ट्यास पिस्टन म्हणतात, आणि ज्या नळकांड्यांत तो चालतो त्याच्या पोकळीस बोअर म्हणतात. नव्या गाडीच्या मालकास या दोहोंचा विचार करण्याचें कारण पडत नाहीं. परंतु सत्तर-पंचाहत्तर वर्षांचें एंजिन उघडून पुन्हां उभें करावयाचें झालें कीं पहिला खरा निर्णय येथेंच करावा लागतो. तो चुकला तर पैशांपलीकडचें नुकसान होतें. कारण नळकांड्यांतून एकदां कापून काढलेलें लोखंड परत बसवितां येत नाहीं.

पूर्वीच्या उस्मानाबाद व आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा या गांवीं एका घरीं अशी जुनी गाडी उभी आहे, असें समजावें. सोलापूरहून नळदुर्ग व उमरगा करीत हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्याच्या उत्तरेस हें तालुक्याचें गांव वसलें आहे. भोंवतालीं काळी जमीन. उन्हाळ्यांत पिठासारखी बारीक धूळ आणि पावसाळ्यांत चाकें धरून ठेवणारा चिखल. अशा मुलखांत जुन्या काळीं जी गाडी टिकली ती जीप. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलिज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्धानंतर, १९४७ मध्यें, आज महिंद्र अँड महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें मुंबईंत विलिजच्या जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. या पहिल्या पिढीच्या जीपचें एंजिन चार नळकांड्यांचें; बोअर ३ १/८ इंच, दट्ट्याची धांव ४ ३/८ इंच, एकंदर आकारमान १३४ घन इंच आणि शक्ति ६० अश्वांची.

आजोबांच्या वेळची ही जीप आतां घरांतील तरुणांना पुन्हां रस्त्यावर आणावयाची आहे. एंजिन निळा धूर सोडतें, तेल खातें, आणि थोडासा चढ लागला कीं कुंथतें. घरांतील मंडळी चार ठिकाणीं विचारतात, आणि अशा वेळीं बहुधा तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला म्हणतो, दट्टे जुनेच राहूं द्यावे, फक्त रिंगा नव्या टाकाव्या. दुसरा म्हणतो, बाजारांत मिळतील तेवढे मोठे दट्टे आणून बोअर एकदांच वाढवून टाकावा. तिसऱ्याचा सल्ला सर्वांत मोहाचा असतो: उंच माथ्याचे दट्टे घालावे म्हणजे गाडीची शक्ति वाढेल. या तिन्ही सल्ल्यांचा विचार करण्यापूर्वीं हें एंजिन कोणत्या जातीचें आहे तें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे.

आजच्या मोटारींत झडपा नळकांड्याच्या डोक्यावर, हेडमध्यें, उलट्या टांगलेल्या असतात. जुन्या जीपमध्यें त्या नळकांड्याच्या शेजारीं, ब्लॉकमध्येंच, तोंड वर करून उभ्या असतात. म्हणून वरचें हेड म्हणजे केवळ एक झांकण. बाहेरून पाहिलें तर सपाट. यावरूनच या जातीस सपाट डोक्याचीं एंजिनें हें नांव मिळालें. फोर्डचें १९०८ ते १९२७ पर्यंत चाललेलें टी मॉडेल, त्यानंतरचें ए मॉडेल आणि १९३२ सालचें आठ नळकांड्यांचें व्ही-८ हीं सारीं याच कुळांतलीं. रचना साधी, भाग थोडे, आणि खेड्यांतील कारागिरासही सहज उकलतां येणारीं, म्हणून तीं जगभर पसरलीं.

परंतु या साधेपणाची एक किंमत आहे. पेट्रोलमिश्रित हवा बाजूच्या झडपेंतून वर येते, हेडखालच्या पोकळींतून आडवी सरकते आणि मग नळकांड्यांत उतरते. जळलेला वायु त्याच वाटेनें उलट जातो आणि ब्लॉकच्याच पोटांतून बाहेर पडतो. त्यामुळें झडपांच्या बाजूची भिंत अधिक तापते, समोरची कमी तापते, आणि थंड असतांना गोल असलेलें नळकांडें तापल्यावर तंतोतंत गोल राहत नाहीं. शिवाय झडपेची बैठक आणि बोअर यांच्यामध्यें लोखंडाचा जो अरुंद पूल असतो तो या उष्णतेनें तडकण्याचा संभव असतो. म्हणून दट्ट्यांची चौकशी करण्यापूर्वीं ब्लॉक स्वच्छ धुवून तो पूल भिंगाखालीं तपासावा. तडा असेल तर आधीं त्याचा निकाल लावावा. तडकलेल्या ब्लॉकसाठीं आणलेले दट्टे कपाटाची शोभा होऊन बसतात.

आतां पहिला सल्ला. नुसत्या रिंगा बदलून भागेल कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवितां येत नाहीं. तें मोजून ठरवावें लागतें. नळकांड्याची झीज सर्वत्र सारखी होत नसते. ज्या ठिकाणीं वरची रिंग थांबून परत फिरते तेथें उष्णता सर्वांत अधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. म्हणून झीजही तेथेंच सर्वांत अधिक. त्याच्या वरचा कांठ मात्र न झिजतां तसाच राहतो, आणि बोट फिरवल्यास तो कंगोऱ्यासारखा लागतो. खालीं जावें तशी झीज कमी होते, म्हणजे बोअर खालीं अरुंद व वर रुंद होतो. त्यांत आणखी, दट्टा ज्या दोन बाजूंवर रेलतो तेथें झीज अधिक होऊन बोअर लांबट होतो. म्हणून प्रत्येक नळकांड्यांत वर, मध्यें आणि खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं क्रँकच्या रेषेंत व तिच्याशीं काटकोनांत, अशीं सहा मापें घेऊन कागदावर लिहून ठेवावीं. चार नळकांड्यांचीं मिळून चोवीस मापें होतात. अर्ध्या तासाचें हें काम पुढील सर्व खर्चाचा पाया आहे.

माप इंचाच्या सहस्रांशांत घेतात. वर-खालींतील किंवा लांबी-रुंदींतील फरक एकदोन सहस्रांशांचा असेल तर नव्या रिंगा खरोखरच पुरेशा होतात. तो पांचाच्या पुढें गेला तर मात्र रिंगेच्या भरंवशावर राहूं नये. वर रुंद व खालीं अरुंद अशा नळकांड्यांत रिंग प्रत्येक धांवेस उघडते आणि मिटते. सेकंदास अनेक वेळां चाललेल्या या उघडमिटीनें ती थकते, खांच झिजवते आणि शेवटीं मोडते. नवी रिंग न झिजलेल्या कंगोऱ्यावर आपटून मोडल्याचीं उदाहरणें तर पुष्कळच घडतात. म्हणजे पहिला सल्ला सर्वस्वीं खोटा नाहीं. पण मापाशिवाय दिलेला म्हणून तो निरुपयोगी आहे.

दुसऱ्या सल्ल्यांत धोका अधिक आहे. मूळ मापापेक्षां मोठे दट्टे बाजारांत दहा, वीस, तीस, चाळीस, कधीं साठ सहस्रांश अशा ठराविक पायऱ्यांनीं मिळतात. यांतील कोणती पायरी घ्यावी, याचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो: ज्या सर्वांत लहान मापानें सर्वांत वाईट नळकांडें स्वच्छ होईल, तें माप चारही नळकांड्यांस घ्यावें. हिशेब करून पाहतां या नियमाची खोंच समजते. जीपचा मूळ बोअर ३.१२५ इंच. सर्वांत झिजलेलें नळकांडें वर ३.१३७ भरलें, म्हणजे झीज १२ सहस्रांशांची झाली. वरवर पाहतां विसाचा दट्ट्या पुरेसा वाटतो. परंतु बोअर २० सहस्रांशांनीं वाढविणें म्हणजे प्रत्येक बाजूचें लोखंड १० सहस्रांश कापणें. ही १२ सहस्रांशांची झीज जर बहुतेक एकाच बाजूस झाली असेल, तर मूळ मध्य कायम ठेवून १० सहस्रांश कापल्यानें ती पुसली जाणार नाहीं. भिंतीवर झिजेचा डाग राहील. तेथें तिसाचें माप घ्यावें लागेल, कारण त्यानें प्रत्येक बाजूस १५ सहस्रांश निघतात. उलट झीज दोन्ही बाजूंस सारखी वांटलेली असेल तर विसानेंच काम होईल, आणि एक पायरी वांचेल.

ती एक पायरी वांचविणें महत्त्वाचें कां? प्रत्येक पायरी म्हणजे त्या ब्लॉकचें एक आयुष्य असतें. विसावर थांबलेला ब्लॉक पुढील पिढीस तिसावर आणि चाळिसावर नेतां येईल. आजच साठावर नेलेल्या ब्लॉकला पुढची पायरी उरत नाहीं. भिंत पातळ होते, पाण्याच्या बाजूनें गंज चढलेला असेल तर ती अधिकच पातळ असते, आणि पातळ भिंत तापल्यावर अधिक वांकडी होते. आणि या उधळेपणाचा लाभ तरी किती? बोअर ३० सहस्रांशांनीं वाढविला तर एंजिनाचें आकारमान शेंकडा दोनपेक्षां कमी वाढतें. ६० नीं वाढविला तरी शेंकडा चारही पुरतें भरत नाहीं. चालविणाऱ्यास हा फरक कळणारसुद्धां नाहीं.

आतां तिसरा सल्ला. डोक्यावर झडपा असलेल्या एंजिनांत दट्ट्याचा माथा उंच केला कीं वरची पोकळी लहान होते, वायु अधिक दाबला जातो व शक्ति वाढते. सपाट डोक्याच्या एंजिनांत हें गणित लागू पडत नाहीं. येथें वायूला झडपेपासून नळकांड्यापर्यंत आडवी वाट लागते, आणि उंच माथा नेमका त्या वाटेवर आडवा येतो. कागदावर दाबाचें प्रमाण वाढतें. प्रत्यक्षांत एंजिनाचा श्वास कोंडतो. या जातीच्या एंजिनांत खरी सुधारणा झाली ती हेडमध्यें. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या इंग्रज शास्त्रज्ञानें जळणाची पोकळी झडपांच्या बाजूस सरकवून दट्ट्याच्या उरलेल्या भागावर हेडची सपाट बाजू अगदीं जवळ आणली. दट्ट्या वर येतांच तेथील वायु जोरानें बाजूस फेंकला जातो, त्यांत खळबळ उडते आणि जळण लवकर व सारखें होतें. हेडची व दट्ट्याची ही जवळीक लक्षांत घेतां, दट्ट्याच्या माथ्याची आकृति आणि उंची मूळचीच ठेवावी हें उघड होतें.

उंचीचा हा मुद्दा आपल्या बाजारांत विशेष सांभाळावा लागतो. विलिजनें १९५३ मध्यें सी. जे. ३ बी ही जीप काढली. तिच्या एंजिनांत हवा घेणारी झडप डोक्यावर गेली व धूर सोडणारी बाजूसच राहिली. बोअर आणि धांव मात्र पूर्वींचीच. ही जीप महिंद्रांनीं भारतांत अनेक वर्षें बनविली. म्हणून ‘जुन्या जीपचे पिस्टन’ असें म्हणून मागितल्यास दुकानदार या दुसऱ्या एंजिनाचे दट्टे देण्याचा संभव असतो, आणि बोअर एकच असल्यामुळें घेणाऱ्यास कांहीं संशयही येत नाहीं. व्यासापुरतें जुळलें म्हणजे दट्ट्या जुळला असें नव्हे. गजन पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, पिनेचा व्यास, रिंगांच्या खांचांची संख्या व रुंदी, आणि माथ्याची आकृति हीं सर्व जुन्या दट्ट्याशेजारीं ठेवून पडताळावीं. पूर्वीं कोणी ब्लॉकचा किंवा हेडचा पृष्ठभाग घांसून घेतला असेल तर आणखी एक परीक्षा करावी: माथ्यावर मऊ मेणाची पट्टी ठेवून, गास्केट घालून हेड कसावें, एंजिन हातानें दोन फेरे फिरवावें व मग हेड काढून मेण किती दबलें तें मोजावें. मेण कागदासारखें पातळ झालें असेल तर ते दट्टे त्या ब्लॉकसाठीं नव्हेत.

दट्ट्याच्या धातूविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. आरंभींचे दट्टे ओतीव लोखंडाचे असत. फोर्डच्या टी मॉडेलचे तसेच होते. लोखंडी दट्ट्या टिकाऊ, पण जड. आणि सेकंदास शंभर वेळां थांबावयाचें तर जडपणाचा भार कनेक्टिंग रॉडवर व बेअरिंगांवर पडतो. १९१३ मध्यें डब्ल्यू. ओ. बेंटले या इंग्रजास फ्रान्समधील एका मोटार कारखान्यांत कागदांवर ठेवण्याचें वजन म्हणून वापरलेला ॲल्युमिनियमचा छोटा दट्ट्या दिसला, आणि खराखुरा दट्ट्या या धातूचा कां नसावा असा विचार त्याच्या मनांत आला. त्यानें तसे दट्टे गाड्यांत वापरून दाखविले, आणि पुढें महायुद्धांतील विमानांच्या एंजिनांतही ते गेले. जीपचे मूळ दट्टे ॲल्युमिनियमचेच आहेत, तेव्हां तेथें लोखंडाकडे परत जाण्याचें कारण नाहीं.

ॲल्युमिनियमचा अवगुण एवढाच कीं तापल्यावर तें लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. जीपच्या मापाचा दट्ट्या ९० अंशांनीं तापला तर सुमारें ६ सहस्रांश वाढतो. त्याच वेळीं भोंवतालचें नळकांडें ६० अंशांनीं तापून जेमतेम २ सहस्रांश वाढतें. आणि या एंजिनांत थंड असतांना ठेवावयाचें अंतर सुमारें ३ सहस्रांशांचें! मग दट्ट्या अडकत कसा नाहीं? त्याचें उत्तर दट्ट्याच्या घडणींत आहे. त्याचा माथा मुळांतच लहान कांतलेला असतो. खालचा भाग, ज्यास कारागीर स्कर्ट म्हणतात, किंचित् लांबट असतो. आणि त्यास उभी चीर पाडलेली असते, म्हणजे फुगलेली धातु चिरेंत सामावते. ही चीर कमी भार पडणाऱ्या बाजूस आली पाहिजे. बसवितांना बाजू उलटली तर दट्ट्या तडकतो. घडीव दट्टे ओतीव दट्ट्यांहून मजबूत असतात हें खरें, पण त्यांस अंतर अधिक ठेवावें लागतें व थंड एंजिनांत ते खडखडतात. ज्या एंजिनांत दाबाचें प्रमाण साडेसहाच्या आसपास आहे, तेथें शर्यतीच्या गाडीचा हा सरंजाम व्यर्थ होय. सिलिकनमिश्रित ॲल्युमिनियमचे चांगले ओतीव दट्टे येथें योग्य.

माप ठरलें, दट्टे ठरले; आतां क्रम. पुष्कळ जण बोअर आधीं वाढवून घेतात व मग दट्टे शोधूं लागतात. हा क्रम उलटा आहे. दट्टे आधीं हातीं यावे, चारही तराजूवर घालून वजनें एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें, प्रत्येकाचा व्यास मोजून त्यावर नळकांड्याचा क्रमांक घालावा, आणि मग ब्लॉकसह ते कारखान्यांत न्यावे, म्हणजे प्रत्येक नळकांडें आपापल्या दट्ट्याच्या मापानें कापलें जाईल. किती अंतर ठेवावयाचें तें दट्टे करणाऱ्यानें पेटीवर छापलेलें असतें. तें कारागिराच्या संवयीपेक्षां प्रमाण मानावें. रिंगेच्या दोन टोंकांमध्येंही दर इंची व्यासास तीनचार सहस्रांश, म्हणजे जीपच्या बोअरांत दहाबारा सहस्रांश, मोकळी जागा ठेवावी. नाहीं तर तापतांच टोंकें एकमेकांस भिडतात व रिंग भिंतीस ओरबाडते.

मोजण्याच्या बाबतींत लोहाऱ्याच्या उन्हाळ्याची एक खास सूचना आहे. दट्टे उन्हांतील गाडीच्या टपावर ठेवले आणि ब्लॉक सावलींत राहिला, आणि दोहोंत वीस अंशांचा फरक पडला, तर दट्ट्या सव्वा सहस्रांशाहून अधिक फुगतो. तीन सहस्रांशांच्या हिशेबांत ही चूक एक तृतीयांशाहून मोठी ठरते. अशा मापानें कापलेलें नळकांडें कायमचें सैल राहतें. म्हणून दोन्ही वस्तु रात्रभर एकाच खोलींत ठेवाव्या व सकाळीं मोजाव्या. आणि त्या मुलखाची बारीक धूळ ध्यानांत घेऊन हवा गाळण्याचें तेलाचें भांडें दुरुस्त केल्यावांचून गाडी बाहेर काढूं नये. धूळ आंत गेली तर उत्तम निवडलेले दट्टेही थोडक्याच काळांत जुन्यासारखे होतात.

राहतां राहिला शेवटचा प्रसंग. मापें घेतल्यावर असें आढळलें कीं पूर्वींच कोणी ब्लॉक चाळिसावर नेला आहे आणि तोही आतां झिजला आहे, तर साठाकडे धांव घेण्यापेक्षां स्लीव्हचा विचार करावा. नळकांडें आणखी कापून त्यांत ओतीव लोखंडाची नवी नळी दाबून बसवितात आणि तिचा बोअर मूळच्या ३ १/८ इंचांवर आणतात. यांत मजुरी अधिक लागते आणि बसविणारा हात कुशल लागतो. पण दट्टे पुन्हां मूळ मापाचे चालतात, जे मिळण्यास सर्वांत सोपे असतात, आणि नळी झिजल्यास पुढें ती काढून दुसरी घालतां येते. एका नळकांड्यासच खोल ओरखडा असेल तर त्या एकासच स्लीव्ह घालून उरलेलीं तीन लहान पायरीवर ठेवतां येतात. मात्र तो स्लीव्हही त्याच पायरीच्या मापानें कापावा, म्हणजे चारही दट्टे सारखे राहतील.

तेव्हां तिन्ही सल्लागारांना एकच उत्तर पुरतें: आधीं चोवीस मापें, मग दट्टे, आणि शेवटीं कापणी. अशा जातीचे ब्लॉक आतां नव्यानें फारसे ओतले जात नाहींत. जे आहेत त्यांतील लोखंड तेवढेंच शिल्लक आहे. लोहाऱ्याच्या त्या घरीं आज विसाच्या मापावर काम भागलें, तर मापांचा तो कागद दट्ट्यांच्या पेटीवरील क्रमांकासह गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. वीसपंचवीस वर्षांनीं जो कोणी हें एंजिन पुन्हां उघडील, त्यास कोठून आरंभ करावयाचा व भिंतींत अजून किती उरलें आहे, हें त्या कागदावरून प्रथम कळेल.